आज वार कोणता

बुधवार पेठेतल्या त्या दुकानात आनंदी काउंटरपाशी पोचली, दुकानदाराने "बोला" म्हटलं, आणि जी वस्तू घ्यायला ती आली होती तिचं नावच तिला येईना. दुकान बटणं, हुक, लेस, अस्तरं असल्या गोष्टींचं. तिच्या पिशवीत उसवलेली उशीची खोळ होती. ती शिवायला काय लागतं ते तिला पक्कं माहीत होतं, डोळ्यांपुढे दिसतही होतं. पण दिसत होतं ते एक जपानी चिन्ह. वर एकाखाली एक दोन गाठी आणि खाली सुटलेली तीन टोकं. 糸. सकाळीच तिने ते पाठकोऱ्या कागदावर पानभर गिरवलं होतं. 'इतो' हा त्याचा उच्चारसुद्धा जिभेवर होता. जन्मभर वापरलेला मराठी शब्द मात्र कुठेतरी उठून गेला होता. तिचं बोट आपोआप काचेवर फिरलं, गाठ, गाठ, तीन टोकं. दुकानदाराने चष्म्यावरून त्या बोटाकडे पाहिलं. "बाई, काच आत्ताच पुसलीय," तो म्हणाला. मग मागच्या गिऱ्हाइकाला हाताने पुढे बोलावत, तिच्याकडे न बघता, "आठवलं की या. आम्ही कुठे जात नाही."

ती बाहेर आली. अप्पा बळवंत चौकात गाइडांच्या आणि प्रश्नसंचांच्या ढिगांमधून वाट काढताना तो शब्द अचानक आला. दोरा. इतका साधा, दोन अक्षरांचा, की ती तो मोठ्यानेच बोलली, आणि ढिगामागच्या पोऱ्याने तत्परतेने विचारलं, "कितवीचं पाहिजे?" परत दुकानात जाता आलं असतं. दुकान पन्नास पावलांवर होतं. पण ती गेली नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. तिला राग आला होता. तो दुकानदारावर नव्हता, त्याचं बोलणं तर या गावात सौम्यातच जमा झालं असतं. राग त्या शब्दावर होता. तिला चार लोकांत उभं करून तो निघून गेला होता आणि आता काम संपल्यावर, जणू काही झालंच नाही अशा थाटात, गर्दीत येऊन तिला भेटत होता. अशा शब्दाला घेऊन पुन्हा त्या काचेपाशी जायचं नाही, असं तिने ठरवलं. खोळ उसवलेली राहिली तर राहिली.

घरी आल्यावर तिने ती हकिगत नवऱ्याला, यज्ञेश्वरना, गंमत म्हणून सांगितली, दुकानदाराच्या आवाजाची नक्कल करून. ते हसले नाहीत. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी धरणाच्या भिंतीतून झिरपणारं पाणी मोजण्यात गेली होती. भिंत ओली दिसली की लोकांना फक्त ओल दिसते, यज्ञेश्वरना तिच्यामागचं सगळं धरण दिसतं. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि विचारलं, "असं आधी कधी झालं होतं?" आनंदी म्हणाली, नाही. म्हणताना तिला शेजारच्या मुलीला दोनदा भलत्याच नावाने मारलेली हाक आठवली, आणि मागच्या महिन्यात डेक्कनच्या पुलावर, आपण नदी ओलांडून जातोय की परत येतोय हे न कळून, कठड्याला धरून काढलेली ती दोन-चार मिनिटं आठवली. खाली नदीत पाणी नव्हतंच म्हणावं असं. नदी कुठल्या बाजूला वाहते त्यावरून दिशा काढावी, असं तिच्यातल्या भूगोलाच्या बाईंनी सुचवलं होतं, आणि डबक्यांकडे पाहून ते शक्य नाही म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. यातलं काही तिने सांगितलं नाही. "वय झालंय. तुमचा चष्मा फ्रीजमध्ये सापडतो तेव्हा मी काही विचारते का?" असं म्हणून ती आत गेली.

भूगोल तिने एकाच शाळेत आयुष्यभर शिकवला. लक्षात ठेवायच्या युक्त्या हा तर तिचा हातचा मळ. तानापिहिनिपाजा सगळेच शिकवतात. पण भीमेला उजवीकडून मिळणाऱ्या नद्यांसाठी 'भामाने इंदूला मुळीच निरोप दिला नाही' हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. भामा, इंद्रायणी, मुळा, नीरा. भामाने असं का केलं, इंदू कोण, यावर सातवीतल्या मुली मधल्या सुट्टीत वाद घालायच्या, आणि चाळिशी उलटलेल्या त्यातल्या कुणी लक्ष्मी रोडवर भेटल्या तर नमस्काराआधी तेच वाक्य म्हणून दाखवायच्या. जपानची चार मोठी बेटंही तिने फळ्यावर न बघता काढली होती वर्षानुवर्षं. मग निवृत्त झाल्यावर मुलाच्या, वरदच्या, प्रोजेक्टच्या निमित्ताने ती खरोखरच जपानला गेली, आणि एका स्टेशनात, चारी बेटांची नावं पाठ असताना, तिला बायकांचं स्वच्छतागृह सापडेना. सगळ्या भिंती लिहिलेल्या होत्या आणि तिच्याशी एकही भिंत बोलत नव्हती. चार वर्षांची असल्यापासून ती कधी निरक्षर नव्हती. ते दुःख नव्हतं, तो अपमान होता, आणि अपमान झाला की आनंदीला बरं वाटायचं, अंगात जोर यायचा. पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती नारायण पेठेतल्या एका जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढली आणि जपानीच्या वर्गात विशी-पंचविशीतल्या मुलामुलींमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसली.

शिकवणाऱ्या मुलीचं नाव कादंबरी; ती तिशीची, काही वर्षं ओसाकाला राहून आलेली. तिला सगळे सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणत आणि ती आनंदीला मानाने 'आनंदी-सान' म्हणे; बाकी वर्ग काकू म्हणे. चिन्हं लक्षात ठेवण्याची जी पद्धत तिथे होती ती आनंदीला पहिल्यांदा ऐकताच आवडली, कारण ती तिचीच होती. प्रत्येक चिन्ह तुकड्यांत फोडायचं, प्रत्येक तुकड्याला एक नाव द्यायचं, आणि सगळ्या चिन्हाला एक खुणेचा शब्द. मग तुकडे आणि खूण जोडणारी एक छोटी गोष्ट रचायची, जितकी चमत्कारिक तितकी चांगली. फक्त खुणेचे शब्द सगळे इंग्रजी होते. मुलं भराभर त्यांत गोष्टी रचत, त्या गोष्टींत सिनेमातले उडणारे वीर असत, ऑफिसातले मॅनेजर असत. आनंदीला त्या शब्दांचे अर्थ यायचे, पण ते तिच्या आत कुठे टेकत नव्हते. ती स्वतःच्या मराठी खुणा लावू लागली. कादंबरी एकदा म्हणाली, "आनंदी-सान, सगळ्यांचे कीवर्ड्स एकच असले तर बरं पडतं." आनंदी म्हणाली, "सेन्सेई, नारायण पेठेतून शनिवार पेठेत जायला मी लंडनवरून कशाला जाऊ?" वर्ग हसला आणि कादंबरीही हसली, तिने नंतर पुन्हा तो विषय काढला नाही.

वारांची चिन्हं तर तिला भेट मिळाल्यासारखी झाली. सोमवारला चंद्र, मंगळवारला आग, बुधवारला पाणी, गुरुवारला झाड, शुक्रवारला सोनं, शनिवारला माती, रविवारला सूर्य. हे नुसतेच तुकडे पाठ करत होती तेव्हा एक दिवस तिच्या लक्षात आलं की जपानीत मंगळ ग्रहाचं नाव आगीचा तारा आहे, बुधाचं पाण्याचा, शनीचं मातीचा. म्हणजे वार तेच, ग्रह तेच, क्रमही तोच. ती भाजी निवडत होती, हातातली मेथीची जुडी तशीच राहिली आणि तिच्या अंगावर काटा आला. मग तिने ते सातही वार आपल्या गावात नेऊन बसवले. आग मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराजवळ लोखंड कापताना ठिणग्या उडतात तिथे. पाणी बुधवारात, दगडूशेठसमोरून माणसांचा लोंढा वाहतो ते. गुरुवार पेठेत आत्याच्या दारचं रामफळाचं झाड. सोनं शुक्रवारात, मंडईत झेंडूचे ढीग लागतात ते. आणि शनिवारात माती, कारण तिथे ती स्वतः राहत होती, आणि पायांखाली दुसरं काय असणार.

दोऱ्याच्या त्या प्रसंगानंतरच्या तासाला कादंबरीने फळ्यावर दोन चिन्हं शेजारी शेजारी काढली. 忘 आणि 忙. पहिलं विसरणं. दुसरं गडबडीत असणं, कामात बुडलेलं असणं. दोन्हींत तेच दोन तुकडे होते: एक 'नाहीसं होणं' आणि दुसरा 'मन'. विसरण्यात मन खाली होतं आणि त्याच्या डोक्यावर नाहीसं होणं बसलं होतं. गडबडीत मन अंग चोरून डाव्या बाजूला उभं होतं. पायल नावाची यवतमाळकडची एक मुलगी, हिंजवडीत नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येणारी, म्हणाली, "हार्ट डेड म्हणजे बिझी. आमचं ऑफिसच आहे हे, सेन्सेई." सगळे हसले. आनंदी फळ्याकडे बघत राहिली. "तुकडे तेच असतील," ती म्हणाली, "तर विसरलेली बाई आणि कामात असलेली बाई ओळखायची कशी?" कादंबरीला वाटलं, हा चिन्हांबद्दलचाच प्रश्न आहे. "मन कुठे आहे ते बघायचं," ती म्हणाली. "बाजूला असेल तर गडबड." आनंदीने मान डोलावली. बाजूला. सकाळी साडेपाचला उठून डबे, मग सासूबाईंची औषधं, मग शाळा, मग पेपर तपासणं, वरदची शिकवणी, यज्ञेश्वरांच्या बदल्या आणि दर वेळी त्यांना नव्या गावी मांडून दिलेलं बिऱ्हाड. या सगळ्यात तिने मन नीट बाजूला उभं करून ठेवलं होतं, रिकामा वेळ मिळाला की बोलावते असं सांगून. आता वेळ मिळाला होता. आणि आता म्हणे ते खाली सरकायला लागलं होतं. हे तिला अजिबात मान्य नव्हतं.

डॉक्टरांकडे जायचं यज्ञेश्वर आणि वरद यांनी फोनवर ठरवलं, तिला तारीख कळली. खोलीत शिरल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं आणि यज्ञेश्वर म्हणाले, "आनंदी." वय विचारलं, ते म्हणाले, "एकसष्ट." काय त्रास होतो विचारलं, ते म्हणाले, "हिला शब्द आठवत नाहीत." "मला बोलता येतं," आनंदी म्हणाली. डॉक्टर तरुण आणि नम्र होते. त्यांनी यज्ञेश्वरना बाहेर बसायला सांगितलं, आणि मग पाच शब्द सांगितले: खुर्ची, आंबा, घंटा, नदी, टोपी. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारतो. मग घड्याळ काढा, शंभरातून सात सात वजा करा, ही चित्रं ओळखा. शेवटी त्यांनी शब्द विचारले आणि आनंदीने सांगितलं, "नदीकाठी खुर्चीवर एक आंबा टोपी घालून बसलाय आणि शाळा सुटल्याची घंटा वाजवतोय." डॉक्टर हसले. "छान. पण आजी, युक्ती नको वापरायला. सरळ लक्षात राहतं का ते बघायचंय मला." "सरळ म्हणजे कसं?" आनंदीने विचारलं. "मी पस्तीस वर्षं मुलांना लक्षात ठेवायला शिकवलं. सरळ काहीच राहत नाही, डॉक्टर. तुमच्याही नाही. तुम्ही पाठ केली असतील ना ती सगळी हाडं, ती सरळ केलीत?" डॉक्टरांनी ते मोकळेपणाने कबूल केलं. मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता, बोलण्याच्या ओघात विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

आणि तिथे काहीच नव्हतं. आंबा होता, त्याची टोपी होती, घंटा अजून वाजत होती. पण आजचा दिवस कुठल्याच गोष्टीला बांधलेला नव्हता, तो तसाच सुटा होता आणि सुटा होता म्हणून गेला होता. तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कर्वे रोडची वाहनं होती, ती कुठल्याही वारी असतात. "मंगळवार," ती ठामपणे म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळू नये अशी, आणि लिहिलं. नंतर मेंदूचे फोटो झाले, रक्त झालं, पुन्हा एकदा जाऊन बसणं झालं. सुरुवात असू शकते, ते म्हणाले. कमी वेगाने जाईल, वर्षानुवर्षं काही जाणवणारही नाही, किंवा जाणवेल; आत्ता सांगता येत नाही. एक गोळी सकाळी, एक रात्री. रिक्षात यज्ञेश्वरांनी तिचा हात धरला, लग्नानंतर सार्वजनिक ठिकाणी पहिल्यांदा. तिने तो धरू दिला. पण तिला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: या गड्याने आपल्याला बेसावध गाठलं. वार विचारला.

त्या रविवारी वरदने त्यांना बाणेरला बोलावलं. अकराव्या मजल्यावरच्या बैठकीत, कॉफीचे मग पुढ्यात घेऊन, तो फार मऊ बोलत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायच्या आधी बोलायचा तसा. "आई, तुम्ही दोघं इथेच या राहायला. जिने नाहीत, ट्रॅफिक नाही. खाली गार्डन आहे, सीनियर सिटिझन्सचा ग्रुप आहे, हास्यक्लब आहे."

"मला हसू आलं की मी घरीसुद्धा हसते," आनंदी म्हणाली.

"आणि ते जपानी आता राहू दे. डिसेंबरची एक्झाम वगैरे. मेंदूवर लोड येतो."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही, पण लॉजिकल आहे ना."

"ज्याला काहीतरी होतंय त्याला रिकामा बसवून ठेवायचा, हे लॉजिकल?"

वरदने बापाकडे पाहिलं. यज्ञेश्वर मगातल्या कॉफीकडे बघत होते. "आई, आम्हांला भीती वाटते गं," वरद म्हणाला, आणि हे तो खरं बोलत होता, हे तिला दिसलं. ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. "मला पण वाटते," ती म्हणाली. "पण भीती वाटते म्हणून मी बाणेरला येणार नाही. इथली एक गल्ली मला माहीत नाही. तिथे मी डोळे मिटून चालते. आणि मी विसरणार असेन तर विसरेन, त्यात मला कुणी विचारलेलं नाही. पण काय शिकायचं ते मात्र मी सांगणार. परीक्षेला मी बसणार आहे. नापास झाले तर तुम्हांला पेढे देईन." परतताना गाडीत यज्ञेश्वर एवढंच म्हणाले, "मुलाशी असं तोडून बोलायला नको होतंस." ती म्हणाली, "तोडून नाही, सरळ बोलले."

मग यज्ञेश्वरांनी सकाळी विचारायला सुरुवात केली. कुठेतरी त्यांनी वाचलं होतं. चहाचा पहिला घोट झाला की ते पेपर खाली घेऊन, अगदी प्रेमाने, विचारत: "आज वार कोणता?" पहिल्या दिवशी तिने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे साताऱ्याच्या घरातली खाट आली. तिची आई, गोदाबाई, शेवटची दोन वर्षं त्या खाटेवर होती, आणि जो येईल तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिची तोंडी परीक्षा घ्यायचा. मला ओळखलंस का? मी कोण? नाव सांग बरं माझं. आनंदी तेव्हा पस्तिशीची, सुट्टीत गेलेली, स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा दादामामाने असंच विचारलं, तर आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही कोण ते तुमचं तुम्हांला ठाऊक नाही का?" सगळे हसले. मामा बाहेर येऊन म्हणाला, गेलं हो सगळं. आनंदीला मात्र तेव्हाही खात्री नव्हती, की ते गेलेलं बोलत होतं की वैतागलेलं. आईचा स्वभाव तसाच होता. पण त्या दिवसापासून घरात एक फरक पडला. आई काहीही म्हणाली की सगळे 'हो हो, बरोबर' म्हणायला लागले. आज संक्रांत आहे म्हणाली, हो. वडील कचेरीतून आले का, हो, येतातच आहेत. तिला कुणी चूक म्हणेना. आणि भांडण संपलं तशी आई फार लवकर गेली. म्हणजे श्वास चालू होता अजून वर्षभर, पण त्या खाटेवर कुणी नव्हतं. आनंदीने तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता. आता चहाचा कप हातात धरून, यज्ञेश्वरांच्या प्रेमळ तोंडाकडे बघताना, तो आपोआप लागला.

"कायोबी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शोधा."

त्यांनी मोबाइल उघडला, चष्मा शोधला, बराच वेळ काहीतरी दाबलं. "मंगळवार," ते अखेर म्हणाले. "बरोबर आहे." ते काहीसे चिडले होते, आणि आनंदीला आठवड्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुइयोबी. तिसऱ्या दिवशी मोकुयोबी. त्यांनी तक्रार केली की हे विचारण्याच्या हेतूला धरून नाही. ती म्हणाली, विचारणाऱ्याला उत्तर कळत नसेल तर त्याने विचारू नये, आमच्या शाळेत असा नियम होता. ते रोज शोधत राहिले. झिरपत्या पाण्याच्या नोंदी चिकाटीने ठेवलेला माणूस, त्याला हार माहीत नव्हती. पावसाळा सरता सरता त्यांना मोबाइल लागेनासा झाला. एकदा गॅलरीत ते वरदशी फोनवर बोलताना तिने ऐकलं, "आज मोकुयोबी ना, म्हणजे गुरुवार, आज तिचा क्लास नाही." ते सहज बोलून गेले होते. तिला हसू आलं, आणि लगोलग एक बारीक भीतीही वाटली. कारण यज्ञेश्वरांना माहीत नसलेली एक गोष्ट होती. वार तिला रोज पेपरातून कळत असे. ते उठायच्या आधी ती दारातून पेपर आत आणायची, वरच्या कोपऱ्यातला वार वाचायची, आणि मग त्याचं जपानी करून तयार ठेवायची. सात चिन्हं तिला झोपेतही आली असती. आजचा दिवस मात्र तिला रोज नव्याने आणावा लागे, दुधासारखा.

ऑक्टोबरात एका सकाळी दारात पेपर नव्हता. आदल्या दिवशी सणाची सुट्टी होती, छापखाना बंद, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिला वाटलं, अजून यायचाय. ती दोनदा दार उघडून पाहून आली. यज्ञेश्वर तोंड पुसत आले, त्यांनी स्वतःच चहाचं आधण ठेवलं होतं, आणि पंचा खांद्यावर टाकत, सवयीने, फारसं तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं.

तिने काल शोधला. कालपासून आजवर येता येईल असं वाटलं. काल घरात माणसं येऊन गेली होती, ताटं होती, पायल मिठाई घेऊन आली होती, हे सगळं होतं. पण त्या दिवसावर नाव नव्हतं. पाटी काढून घेतलेल्या दुकानासारखा काल उघडा होता आणि आत सगळा माल होता. तिने परवा शोधला. परवा त्याहून लांब होता. हे सगळं एका श्वासाएवढ्या वेळात झालं असेल. मग तिने मान वर करून, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात, म्हटलं, "सुइयोबी."

यज्ञेश्वरांचा हात पंच्यावर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले.

ती खुर्चीत टेकली. बाजूला मोबाइल थरथरला. क्लासच्या ग्रुपवर पायलने लिहिलं होतं, आज शुक्रवारचा क्लास सहाऐवजी साडेसहाला, सेन्सेईंना उशीर होणारे. आनंदीने ते दोनदा वाचलं. शुक्रवार. तिने बुधवार सांगितला होता, आणि यज्ञेश्वर बरोबर म्हणाले होते, आणि यज्ञेश्वरांना सातही वार येत होते. स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा सावकाश, जपून ठेचल्यासारखा. वार चुकला त्याची इतकी भीती वाटली नाही. डॉक्टरांपुढेही तो चुकलाच होता. पण 'बरोबर' हा शब्द तिने त्या आवाजात पूर्वी ऐकला होता. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, मान डोलावत, हो हो. ती उठली.

स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली तेव्हा ते पाठमोरे होते. "अहो, आज शुक्रवार आहे."

"हो," ते म्हणाले. वळले नाहीत.

"मी सुइयोबी म्हटलं."

त्यांनी बत्ता खाली ठेवला. "तुला किन्योबी म्हणायचं असणार. सगळे शब्द सारखेच वाटतात ते. परकी भाषा आहे, होतं असं."

त्यांनी तिच्यासाठी दार उघडं धरलं होतं, आणि त्या दारातून निघून जाणं किती सोपं होतं ते तिला दिसलं. खरं तर ते दार तिनेच बांधलं होतं, महिनोनमहिने, रोज सकाळी थोडं थोडं. जपानी चुकलं म्हणायचं. त्यात काही लाज नाही, कुणीही चुकतं. तोंडात 'हो' आलंही होतं.

"शब्द नाही चुकला," ती म्हणाली. "वार चुकला. आज कोणता वार ते मला माहीत नव्हतं. रोज मी पेपरात बघून ठेवते. आज पेपर आला नाही."

यज्ञेश्वरांनी गॅस बारीक केला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा तिला ओळखीचा वाटला नाही, इतका तो उघडा पडला होता. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "पेपरचं. मग काय करायला हवं होतं मी?"

"चूक म्हणायचं."

"तोंडावर?"

"तोंडावर. तुम्ही आयुष्यात मला दुसरं काय म्हणत आलात? भाजीत मीठ जास्त झालं ते म्हणता, नकाशाची घडी चुकली ते म्हणता. हे पण म्हणायचं. आईला कुणी म्हणेना झालं होतं." तिचा आवाज चढला, तो तिने उतरू दिला नाही. "मला सांभाळून घ्यायचं नाही. माझ्याशी भांडायचं. तुम्ही ज्या दिवशी मला चूक म्हणायचं सोडाल, त्या दिवशी मी इथे नाही असं समजा. तोपर्यंत मी आहे."

चहा वर आला. त्यांनी तो उतरवला, गाळला, एक कप तिच्यापुढे ठेवला. तिने कपाला हात लावला नाही.

"विचारा परत," ती म्हणाली.

"आनंदी, राहू दे आता."

"विचारा."

त्यांनी गाळणी बाजूला ठेवली. "आज वार कोणता?"

"किन्योबी."

"बरोबर." मग, कदाचित तिच्या डोळ्यांतलं बघून, ते आपणहून म्हणाले, "आणि उद्या?"

हा प्रश्न ठरलेला नव्हता. ती घाईने गेली, आजवरून उडी मारून, आणि म्हणाली, "निचियोबी." म्हणताक्षणीच तिला कळलं की ती एक दिवस पुढे, रविवारवर, जाऊन पडली आहे. तिने ते सुधारलं नाही. ओट्यावर दोन्ही हात टेकून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"चूक," ते म्हणाले. आवाज बसल्यासारखा आला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, स्पष्ट. "चूक. उद्या शनिवार. दोयोबी."

"बरोबर," आनंदी म्हणाली, आणि कप उचलून तिने चहाचा घोट घेतला. "आता परवाचा विचारा."